उलटे बूट, चुकीचे निरोप

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या इमारतीच्या जिन्यात, आणि तेव्हा तिने आपले बूट उलट्या पायांत घातले होते. डाव्यात उजवा, उजव्यात डावा. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, अंगात शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर, आणि चेहरा असा की जगात सगळं सुरळीत चाललं आहे. तिच्यासमोर पायरीवर चार वर्षांचा एक मुलगा अनवाणी उभा होता. हात मागे बांधून तो तिच्या पायांकडे बघत होता.

"चुकलंय," तो म्हणाला.

"काय चुकलंय?"

"बूट."

"छे, चांगले तर आहेत. जरा चावतायत एवढंच."

"वेडी आहेस का? हा इकडचा तिकडे. तो तिकडचा इकडे. थांब, दाखवतो." मुलगा खाली बसला, स्वतःचे बूट ओढून घेतले आणि दोन्ही व्यवस्थित घालून दाखवले. तिने ते लक्ष देऊन पाहिलं, आपले बूट काढून सरळ घातले, "अच्छा, असं होय," म्हणाली, आणि दोघं खाली उतरून गेली.

मी सगळं आयुष्य वर्गात काढलं. बूट घाला, रांग करा, हाताची घडी, तोंडावर बोट, हे किती मुलांना सांगितलं असेल कोण जाणे. त्यातली निम्मी मुलं अजूनही अनवाणीच असतील. त्यामुळे त्या दिवशी मी दार लावायला जरा उशीर केला.

ती तळमजल्यावर आईवडिलांबरोबर राहायची. शाळा सुटली की दुसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या घरात, त्या मुलाला सांभाळायला यायची. मुलाची आई बँकेत होती, वडील फिरतीवर. मुलगा जिन्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचा, म्हणून आमच्या पहारेकऱ्याने त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. साहेब तिला ताई म्हणायचा. त्याने ताई म्हणावं म्हणून त्याची आईही तिला ताई म्हणायची. मग पहारेकरी म्हणू लागला, मी म्हणू लागले. शेवटी तिची स्वतःची आईही म्हणू लागली, तेव्हा मात्र तिने हरकत घेतली.

"आई, निदान तू तरी नको. मला म्हातारी झाल्यासारखं वाटतं."

"बरं ताई," आई म्हणाली.

साहेबाने पुढे माझ्या घराचीही तपासणी करायचं ठरवलं, त्यामुळे दोघांच्या दुपारी माझ्याकडे जाऊ लागल्या. तो जमिनीवर पालथा पडून चित्रं काढायचा. ती माझ्या टेबलावर गृहपाठ करायची. तिची पद्धत मला हळूहळू कळली. ती त्याला कधीही काही करायला सांगायची नाही. ते काम ती त्याच्या देखत चुकीचं करायची आणि वाट बघायची. हात धुवायचे असले तर साबण लावायच्या आधीच टॉवेलने पुसायला लागायची. दूध प्यायचं असलं तर पेला उपडा ठेवून वरून ओतायचं सोंग करायची. साहेबाला दुसऱ्याची चूक अजिबात सहन होत नसे. तो धावत यायचा, कपाळाला हात लावायचा आणि सगळं करून दाखवायचा.

"त्याला कळत नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"कळत असेल, बाई. पण बरोबर असायला त्याला आवडतं. सगळ्यांनाच आवडतं."

एवढं म्हणून तिने वहीत मान घातली. तिच्या घरात त्या सुमारास सगळेच बरोबर होते, म्हणून कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात तसं हेही घर होतं. तिचे वडील रंगारी. शिडीवरून पडून गुडघा गेला आणि कंत्राटदाराने त्यांना कामावरून काढलं. त्यांनी घरी ताकास तूर लागू दिली नाही. गुडघा मुरगळला आहे एवढंच सांगितलं, आणि काही महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचे. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तिला ही गोष्ट बाहेरूनच कळली. त्या दिवसापासून तिने नवऱ्यापुरती तोंडात मिठाची गुळणी धरली. त्यांनीही धरली, कारण अपराध्याला दुसरं काय सुचणार.

घर दोन खोल्यांचं, मध्ये पडदा. आई आतल्या बाजूला, वडील बाहेरच्या. बोलणं होतं, पण ते ताईमार्फत. "सांग त्यांना, वीजवाला येऊन गेला." "सांग तिला, बरं." पडद्याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्याचं प्रत्येक अक्षर ऐकू येत असे. तरी निरोप पोचल्याशिवाय कुणी उत्तर देत नसे.

शेवटचा निरोपही तसाच आला. आई मावशीच्या गावी जाणार, तिथल्या धुलाईघरात जागा होती. वडील काकांकडे. ताईने आपली परीक्षा संपली की सांगायचं, आपण कुणाबरोबर राहणार ते. हा निरोपही दोघांनी तिच्याकडेच दिला, दुसऱ्याला पोचवायला.

"काय ठरवलंस?" मी विचारलं.

"शाळा दोन्हीकडे आहे," ती म्हणाली. "मावशीकडे कुत्रा आहे. काकांकडे गच्ची आहे." मग खोडरबराने काहीही लिहिलेलं नसताना वही खोडत राहिली. "एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हटल्यासारखं होतं, बाई. मला ना, कुठेच जायचं नाहीये. पण असं उत्तर त्यांनी विचारलेलंच नाही."

त्याच दिवसांत आमच्या इमारतीत पायपुसण्यांचं प्रकरण सुरू झालं.

दुपारी कधीतरी दारापुढची पायपुसणी आपोआप बदलायची. माझं हिरवं शिंप्याच्या दारात जायचं, शिंप्याचं लाल घड्याळजींच्या दारात. चोरी म्हणावी तर काही जात नव्हतं. भूत म्हणावं तर भुताला पायपुसण्यांत इतका रस का असावा. शिंपी आणि घड्याळजी तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहत, आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून त्यांचं बोलणं बंद होऊन कित्येक वर्षं लोटली होती. दोघांनीही सांगितलं की हे समोरच्याचंच काम आहे. पहारेकऱ्याने सांगितलं की दुपारी जिन्यात ताईशिवाय कुणी नसतं. साहेबाची आई मला हळूच म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो, पण असंच चाललं तर मला विचार करावा लागेल."

मी ते ताईला सांगितलं. ती जिन्यात गेली, गुडघ्यांवर बसून पायऱ्या बघितल्या आणि परत आली.

"उचलून नेत नाही, ओढत नेतो," ती म्हणाली. "धुळीत पट्टा पडलाय. म्हणजे पायपुसणं त्याला जड जातं. आणि चौथ्या मजल्यावर जात नाही, कारण तिथे कुत्रा आहे."

"म्हणजे कोण?"

तिने माझं पायपुसणं उचललं, साहेबाला हाताला धरून बाहेर नेलं, आणि त्याच्या देखत ते त्याच्याच दारापुढे ठेवायला लागली.

साहेबाने कपाळाला हात लावला. "तिथे नाही गं! आज ते घड्याळवाल्यांकडे जायचंय."

"अच्छा, असं होय," ताई म्हणाली. "आणि त्यांचं?"

"शिंप्याकडे. रोज सांगावं लागतं का?"

इतका स्वच्छ कबुलीजबाब मला माझ्या नोकरीत एकदाही मिळाला नव्हता.

"पण का रे?" मी विचारलं.

साहेबाने हात मागे बांधले. "चुकीचं ठेवलं की ते दार उघडतात."

"मग?"

"मग बोलतात. ताई चुकते तेव्हा मी बोलतो ना, तसं."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर जाऊन खात्री केली. शिंपी लाल पायपुसणं हातात घेऊन घड्याळजींच्या दारात उभे होते.

"हे तुमच्याकडे आलं होतं."

"आणि तुमच्याकडे माझं गेलं होतं."

"हं. तुमचं फारच विरलंय हो. नवीन घ्या."

"तुम्ही शिंपी ना? मग शिवून द्या."

कित्येक वर्षांनंतरचं हे संभाषण. त्यात प्रेम नव्हतं, पण दोन्ही दारं उघडी होती. ताई जिन्याच्या कठड्याला टेकून बराच वेळ ते बघत राहिली. साहेब तिची बाही ओढत होता तरी तिचं लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात काय आलं ते मला तेव्हाच दिसलं.

पण ते करून बघण्याआधी वेणीचं घडलं. वेणी ही ताईची बालमैत्रीण, केसांमुळे हे नाव पडलेलं. ती माझ्याकडे अभ्यासाला येऊन बसायची आणि ताईला अपूर्णांक शिकवायची. ताईला अपूर्णांक येत नसत. वेणी हताश व्हायची, "अगं बाई, किती मठ्ठ आहेस," म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायची. मग चाचणीचे पेपर वाटले गेले आणि गणितात ताई वर्गात पहिली आली. वेणीलाही बरे गुण पडले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

वेणी माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"तुला येत होतं."

ताईने पेन्सिल खाली ठेवली.

"सगळं येत होतं. माझ्याकडून वदवून घेत होतीस."

"दुसऱ्याला समजावलं की आपल्याला समजतं. तुला समजलं ना?"

"मी काय साहेब आहे? मला बूट घालता येत नाहीत?" वेणी म्हणाली. "तुझ्या मनाला येईल तेव्हा तू मठ्ठ होणार, आणि मी आपली तोंड वर करून शिकवत बसणार. शाळेतही असंच, इथेही असंच. तू ना, मैत्रीण नाहीसच. तू कायम कुणालातरी सांभाळत असतेस." आणि ती गेली. वर्गात दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

ताईने दप्तर भरलं. "बाई, लहान मुलांना कळलं तर ती हसतात. मोठ्यांना कळलं तर राग येतो."

"हो."

"आईबाबा यात कुठे बसतात?"

एवढं विचारून ती दप्तर घेऊन खाली गेली.

तिने दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. हे सगळं ती मला रोज येऊन सांगायची, त्यामुळे मला त्या घरात बसल्यासारखंच आहे. आई म्हणाली, "सांग त्यांना, मोरीतला नळ गळतोय." ताई पडद्याबाहेर येऊन म्हणाली, "बाबा, आई म्हणतेय बल्ब गेलाय."

वडिलांनी वर पाहिलं. बल्ब चालू होता. आत नळाबद्दल झालेलं बोलणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण निरोप तो निरोप. "सांग तिला, बल्ब चालू आहे."

"बल्बचं कोण बोललं?" आई आतून ताईला म्हणाली. "सांग त्यांना, नळ."

"बाबा, आई म्हणतेय नळाजवळचा बल्ब."

"सांग तिला, नळाजवळ बल्ब नाही."

ताईचा अंदाज असा होता की एवढं चुकल्यावर माणूस वैतागून स्वतःच पडदा सारेल. पण ते साहेबासारखे नव्हते. ते दुरुस्त्याही तिच्याकडूनच पाठवायचे. पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय तिचं काम दुप्पट झालं, कारण आता एक निरोप पोचवायला चार खेपा पडायच्या.

"सांग त्यांना," आई एके दिवशी म्हणाली, "पोरीचे कान एकदा तपासून आणायला हवेत."

"बाबा, आई म्हणतेय तुमचे कान तपासून आणायला हवेत."

"सांग तिला, माझे कान शाबूत आहेत. गुडघाच अजून दुखतो."

ताई आत गेली. आईने काही निरोप दिला नाही. संध्याकाळी मलमाची डबी मात्र पडद्याच्या या बाजूला आलेली होती. वडिलांनी ती लावली आणि पुन्हा पडद्याच्या कडेला नेऊन ठेवली. तेवढंच. परीक्षा सुरू झाली, एकेक पेपर संपत गेला, आणि ताईने उत्तर द्यायचा दिवस जवळ आला.

शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी ती घरी गेली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "सांग त्यांना," आई म्हणाली, "शनिवारी मी मावशीकडे जाऊन भाड्याची खोली बघणार आहे."

ताई पडद्यापाशी थांबली. या निरोपात काय चुकवावं ते तिला सुचेना. शनिवारऐवजी रविवार म्हटलं असतं तरी खोली होतीच. खोलीऐवजी दुसरं काही म्हटलं असतं तरी मावशीचं गाव होतंच. कुठूनही धरलं तरी शेवटी जाणंच निघत होतं. तेव्हा ती बाहेर आली आणि तिने तो जसाच्या तसा सांगितला.

वडिलांनी मान हलवली. "म्हणजे शनिवारी नाही. किंवा मावशीकडे नाही. नीट विचारून ये."

"बाबा, मी बरोबर सांगितलंय."

"गेल्या महिन्यात एक निरोप तरी बरोबर सांगितलायस का?"

"हा सांगितलाय."

"बल्बचाही असाच सांगितला होतास." ते हाताने खुर्ची धरून उठले. "बाजूला सर. मीच विचारतो." आणि दुखऱ्या गुडघ्यावर चार पावलं चालून त्यांनी पडदा बाजूला केला.

"ताई म्हणतेय, तू शनिवारी खोली बघायला जाणारेस."

"हो."

"मला वाटलं, पोरगी चुकली."

"नाही. या वेळी बरोबर सांगितलं तिने."

ते उंबऱ्यातच उभे राहिले. परत वळायचं की आत जायचं हे ठरेना, तेव्हा रंगारी माणसाने रंगाऱ्याचा प्रश्न विचारला. "पावसाची भिंत कुठली आहे खोलीची?"

"मला काय ठाऊक? भिंती आहेत चार."

"चार असतातच. पावसाचा मारा कुठल्या भिंतीवर येतो ते विचारतोय. ओल असली तर हिवाळाभर खोकत बसशील. मी बघतो ती खोली, मग भाडं ठरव."

"तुम्ही येणार?"

"भिंत बघायला."

"डबा भरून देऊ का?" आई म्हणाली.

ताई बाहेर खुर्चीत बसली होती. ती म्हणाली की त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणावं लागेल, कारण शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

"काम गेलं ते गेलं!" आई म्हणत होती. "माझे हात आहेत ना? पण मी पहाटे उठून डबा भरत होते, आणि तुम्ही तो घेऊन कुठे जात होतात? कुठे बसून खात होतात?"

"कालव्याजवळ बाक आहे."

"कुणाबरोबर?"

"एकटाच. कुणाबरोबर खाणार?"

"मग चवीचं तरी कळत होतं का, काय खातोय ते?"

"सगळं संपवत होतो रोज," वडील म्हणाले. "एक दिवस टाकलं नाही. तेवढंच एक काम होतं मला."

ताईला वाटलं आता "सांग तिला" ऐकू येईल, म्हणून ती उठून उभी राहिली. पण तिला कुणी हाक मारली नाही. ती पुन्हा बसली.

शनिवारी दोघं बसने मावशीच्या गावी गेली. वडिलांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि ही भिंत आतून ओली आहे असं सांगितलं. पुढच्या शनिवारी दुसरी खोली पाहिली, तिची खिडकी चुकीच्या दिशेला होती. त्यानंतरच्या खोलीचं छत पोकळ निघालं. येताना बसमध्ये दोघं वाटभर भांडायची, आई म्हणायची, तुम्हाला राजवाडाही दाखवला तरी त्याला ओल असेल. मग एका शनिवारी मावशीने कळवलं की गावातल्या खोल्या संपल्या. धुलाईघरातली जागाही तोपर्यंत भरली होती. वडिलांना इमारतींच्या भिंती तपासून द्यायचं, शिडी न चढायचं काम पुढे शिंप्याच्या ओळखीने मिळालं.

परीक्षा केव्हाच संपली होती. ताई उत्तर द्यायची वाट बघत होती आणि कुणी विचारत नव्हतं. शेवटी तिनेच जेवताना विषय काढला. "मग मी काय सांगायचं?"

"कशाबद्दल?" आई म्हणाली.

"काहीतरी बोलू नकोस, जेव," वडील म्हणाले.

"हिचे कान सुधारले हं पण," आई वडिलांना म्हणाली, आणि ताईकडे असं काही पाहिलं की ताईने ताटात मान घातली. आईला तिची युक्ती कळली होती की काय, ते ताईला आजवर कळलेलं नाही. आईला राग मात्र आला नव्हता.

वेणी सुट्टीत एका दुपारी माझ्याकडे आली. थेट टेबलाशी गेली आणि ताईपुढे वही टाकली. "हे मला येत नाहीये. समजाव."

ताईने पाहिलं. अर्धा अधिक अर्धा बरोबर पाव, असं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं.

"हे तू मुद्दाम केलंयस."

"मग? तू एकटीनेच करायचं का?" वेणी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "समजाव चल. मला आज सांभाळून घे. उद्या मी तुला."

साहेब जमिनीवरून उठला, वहीत डोकावला आणि कपाळाला हात लावला. त्याला अपूर्णांक येत नव्हते. पण एवढ्या मोठ्या मुली बसल्या आहेत म्हणजे काहीतरी चुकलेलंच असणार, असा त्याचा हिशेब होता.

साहेब आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे आणि जिन्यात भेटला की माझी चौकशी करतो. ताई दातांच्या दवाखान्यात काम करते. घाबरलेल्या मुलांना खुर्चीत बसवण्याचं काम तिच्याकडे आहे, आणि ती स्वतः आधी खुर्चीत उलटी बसून दाखवते असं ऐकते. तिचे आईवडील तळमजल्यावरच आहेत. ते तिला रोज एकाच फोनवरून फोन करतात आणि एकमेकांचं बोलणं तोडत राहतात, त्यामुळे तिला मध्ये बोलायला मिळत नाही. ती दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहते. ती खोली तिने वडिलांना दाखवून घेतली, आणि त्यांनी ती लगेच पसंत केली. खोलीच्या मागच्या भिंतीला ओल आहे.